गाडी निम्म्या किमतीत, खर्च मात्र पूर्ण किमतीचा

सेकंडहँड मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी दारात आली की मालकाला ठरावीक प्रश्न पडू लागतात. सर्व्हिस शोरूममध्ये करायची की बाहेर, विमा आपल्या नावावर कधी करायचा, मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत का? हे सगळे खरे तर पैसे मोजण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे शोधली तर सापडतात. तिसऱ्याचे खात्रीचे उत्तर मिळवण्याचा हक्काचा मार्ग मात्र आपल्याकडे ग्राहकाला नाही, आणि तो देणे हे सरकारचे काम आहे.

मीटरला इतके महत्त्व का, हे खर्चाचा हिशेब मांडला की कळते. विम्याच्या कोष्टकात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्म्यावर येते, पण सुट्या भागांचे दर गाडीच्या वयाप्रमाणे उतरत नाहीत. एअर सस्पेन्शनचेच पाहा. हवेच्या फुग्याच्या रबराला बारीक चीर गेली की रात्रभरात हवा गळते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. ती उचलून धरण्यासाठी कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. गिअरबॉक्सचीही तीच कथा. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. त्याचे तेल कधी बदलावेच लागत नाही, असा समज आहे. खुद्द झेडएफ मात्र ते साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदलायला सांगते. मीटर ४५ हजार दाखवत असेल आणि गाडी प्रत्यक्षात १ लाख १० हजार पळालेली असेल, तर नव्या मालकाचा सगळा हिशेब पहिल्या दिवसापासूनच चुकलेला असतो.

कागदपत्रांच्या बाबतीत आपला कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यानुसार खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचे असते आणि विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मालकी, विमा, कर्जाचा बोजा, पीयूसी हे सारे ‘वाहन’ पोर्टलवर पाहता येते. त्यात किलोमीटरचा इतिहास तेवढा नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून ‘कार-पास’ आहे. गॅरेजने प्रत्येक वेळी मीटरचे आकडे नोंदवायचे आणि विक्रेत्याने त्यांचा दाखला द्यायचा, ही तिथली सक्ती आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत नोंदलेले मीटरचे आकडे गाडीचा नंबर टाकून कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडे बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांची पीयूसी वर्षातून एकदा होते. त्याच वेळी नंबरप्लेटबरोबर मीटरचाही फोटो घेतला, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

महागड्या गाड्या घेणाऱ्यांची काळजी सरकारने का वाहावी, असे कोणी विचारेल. पण सेकंडहँड लक्झरी गाडीचा ग्राहक अनेकदा नव्या मध्यम एसयूव्हीच्या बजेटमध्ये कर्ज काढून आलेला असतो. शिवाय खर्च परवडत नाही म्हणून ब्रेक आणि टायर ढकलत नेलेली दोन टनांची गाडी रस्त्यावरच्या प्रत्येकालाच धोक्याची असते. पीयूसी केंद्रांवर भरवसा किती ठेवायचा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणूनच नोंद एकाच ठिकाणी नको. विमा नूतनीकरण आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर यांचे आकडेही जोडले, तर मागे घेतलेले मीटर वर्षांच्या ओळीत लगेच उघडे पडेल. खासगीपणाचा मुद्दा इथे फारसा उरत नाही, कारण नंबर आणि किलोमीटर यांपलीकडे मालकाचे काहीच उघड करायचे नाही.

हे होईपर्यंत ग्राहकाने एक नियम पाळावा. चॅसी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मागवाव्यात, स्कॅनर लावून तपासणी करून घ्यावी आणि विक्रेता यातल्या कशालाही नकार देत असेल तर सौदा सोडावा. मात्र प्रामाणिक विक्रेत्यालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता यावा, यासाठी सरकारी नोंद लागतेच. ‘वाहन’मध्ये त्यासाठी एक रकाना वाढवणे परिवहन खात्याला मुळीच अवघड नाही.