परदेशप्रवास आणि घरची शिदोरी

प्रवासास निघणाऱ्या माणसाबरोबर शिदोरी देण्याची चाल भारतात फार जुनी आहे. वाटेत अन्न मिळेल की नाही, मिळाले तर पचेल की नाही, आणि ते आपल्या आचारास धरून असेल की नाही, या तिन्ही शंकांचे निरसन एका गाठोड्यात होत असे. बैलगाडीच्या जागी विमान आले, तरी गाठोडे नाहीसे झालेले नाही. सुटीत सिंगापूर, ऑस्ट्रेलिया किंवा युरोप पाहण्यास निघालेल्या गुजराती कुटुंबाबरोबर थेपले व खाकरे असतात. तमिळ कुटुंबाबरोबर पोडी व वडाम, बंगाली कुटुंबाबरोबर संदेश, आणि मराठी कुटुंबाबरोबर मेतकूट, चकल्या, बेसनाचे लाडू व लोणच्याची बरणी असते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांकडे जाणारी वडील मंडळी तर तांदूळ, डाळी, सुक्या मिरच्या, पेढे आणि हंगाम असल्यास हापूस आंबेही नेऊ पाहतात.

या हौसेत गैर असे काही नाही. शाकाहारी माणसाची अडचण, पथ्य पाळणाऱ्या रुग्णाची गरज, परक्या मुलखातील महागाई आणि घरच्या हातची माया ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु दुसऱ्या देशाच्या विमानतळावर अधिकारी पेटी उघडतो, तिच्यातील काही जिन्नस काढून घेतो आणि ते नष्ट करण्यासाठी बाजूला ठेवतो, तेव्हा प्रवाशास तो आपल्या अन्नाचा अपमान वाटतो. मूठभर तांदळाने किंवा दोन आंब्यांनी एवढ्या मोठ्या देशाचे काय बिघडणार, असा त्याचा प्रश्न असतो. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रागाने किंवा सक्तीने न देता वस्तुस्थितीने दिले पाहिजे.

खपऱ्याचा प्रवास

धान्यावर पडणाऱ्या किड्यांमध्ये खपरा नावाचा एक लहानसा भुंगेरा आहे. त्याचे मूळ स्थान भारतीय उपखंड हेच असावे, असे कीटकशास्त्रज्ञ मानतात. आणि त्याचे हे देशी नावच आज जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत व कायद्यांत रूढ झाले आहे. नुकसान करते ती त्याची केसाळ अळी. गहू, तांदूळ, हरभरा, सुक्या मिरच्या, जिरे, धने अशा अनेक कोरड्या जिनसांवर ती जगते. मोठा प्रादुर्भाव झाला की दाण्यांचा भुसा होतो, आणि अळ्यांच्या गळलेल्या केसांमुळे उरलेले धान्यही खाण्यास अयोग्य ठरते. अन्न संपले किंवा हवामान प्रतिकूल झाले, तर ही अळी कोठाराच्या भेगेत शिरून निद्रिस्त होते आणि काही वर्षेसुद्धा तशीच जिवंत राहू शकते. कीटकनाशकांना ती सहजासहजी दाद देत नाही.

या किड्याची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रौढ खपऱ्यास पंख असतात, पण तो उडत नाही. समुद्र ओलांडणे त्याला स्वतःच्या बळावर शक्य नाही. तो जेथे जेथे पोहोचला, तेथे त्याला माणसाने नेले: गोणीतून, जहाजाच्या फटीतून किंवा प्रवासी पेटीतून. १९५३ साली तो अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कोठारांत आढळला. त्याच्या निर्मूलनासाठी मोठमोठी गोदामे संपूर्ण झाकून त्यांत विषारी वायू सोडावा लागला, आणि ही मोहीम १९६० नंतरही अनेक वर्षे चालली. ऑस्ट्रेलिया हा गहू निर्यात करणारा देश आहे. खपरा तेथे स्थिरावल्यास त्या देशाच्या गव्हाला अनेक बाजारपेठा बंद होतील. म्हणूनच २०२० साली ऑस्ट्रेलियाने प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरा, सुक्या मिरच्या व तत्सम जिनसा आणण्यास मनाई केली. भारतीय पेटीतील मूठभर तांदळाकडे तेथील अधिकारी संशयाने का पाहतो, याचा उलगडा यावरून होईल. तांदूळ खाणाऱ्या माणसाविषयी त्याचे काही म्हणणे नसते. त्याला भीती असते ती दाण्यांत दडून बसलेल्या अळीची.

फळातील अळी आणि कोकणातील शेतकरी

ताज्या फळांची गोष्ट याहून नाजूक आहे. फळमाशीची मादी फळाच्या सालीस सुईसारखे छिद्र पाडून आत अंडी घालते. बाहेरून फळ निर्दोष दिसते. आत अळ्या वाढतात, पुढे त्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात, कोशावस्थेत जातात आणि काही दिवसांनी माशा होऊन उडतात. एखाद्या पाहुण्याने अर्धवट खाऊन परसात टाकलेले फळ या कामास पुरे होते. १९८० ते १९८२ या काळात भूमध्यसागरी फळमाशीला आवर घालण्यासाठी कॅलिफोर्नियास सुमारे १० कोटी डॉलर खर्च आला, आणि वस्तीवरून विमानांनी कीटकनाशक फवारावे लागले. २०१५ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या एका उपनगरात क्वीन्सलँड फळमाशी सापडली. ती नाहीशी करण्यासाठी त्या देशाला दीड कोटी न्यूझीलंड डॉलरांच्या आसपास खर्च करावा लागला.

या प्रश्नाची झळ भारतानेही सोसली आहे. २०१३ साली युरोपात गेलेल्या भारतीय फळे व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्या व अन्य किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर व कारले, पडवळ, वांगे आणि अळू या भाज्यांवर बंदी घातली. ऐन हंगामात ती आल्याने रत्नागिरी व देवगडच्या बागायतदारांचे जे नुकसान व्हायचे ते झालेच. तपासणीत सुधारणा झाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठली. अमेरिकेचा बाजारही भारतीय आंब्यास दीर्घकाळ बंद होता. तो २००७ साली उघडला. कारण नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात गॅमा किरणांची ठरावीक मात्रा देऊन किडीची वाढ थांबवण्याची सोय झाली. अशी प्रक्रिया केलेली, तपासलेली व प्रमाणपत्र मिळालेली आंब्याची पेटी आणि पिशवीत लपवून नेलेले चार आंबे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. पहिली पेटी शेतकऱ्याचा बाजार राखते, तर लपवलेले आंबे तो धोक्यात घालतात.

मांस, दूध आणि न दिसणारे विषाणू

फळातील अळी कापल्यावर तरी दिसते. विषाणू तसाही दिसत नाही. आफ्रिकी वराहज्वर या रोगापासून माणसास अपाय नाही, परंतु डुकरांस तो बहुधा मारतोच. आणि त्याचा विषाणू खारवलेल्या व वाळवलेल्या मांसातही महिनोन् महिने टिकतो. १९५७ साली हा रोग प्रथमच आफ्रिकेबाहेर, पोर्तुगालमधील लिस्बनजवळ, प्रकटला. विमानांतील उरलेले अन्न विमानतळानजीकच्या डुकरांना घातल्यामुळे तो आला, असा निष्कर्ष काढण्यात आला. पुढे आयबेरियन द्वीपकल्पातून त्याचे उच्चाटन होण्यास १९९० नंतरची वर्षे उजाडावी लागली. २०२० साली हा रोग भारतात आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला, आणि लहान पशुपालकांनी कष्टाने जोपासलेली हजारो डुकरे मेली.

लाळ्या-खुरकूत रोग भारतातील पशुपालकांस चांगला परिचित आहे. ब्रिटनमध्ये २००१ साली त्याचा जो उद्रेक झाला, त्याचे मूळ उकळून निर्धोक न करता डुकरांस घातलेल्या खरकट्यात असल्याचे मानले जाते. त्या वर्षी ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, आणि एकूण हानी ८०० कोटी पौंडांच्या घरात गेली. हा विषाणू दुधातूनही पसरू शकतो, आणि साध्या पाश्चरीकरणाने तो पूर्णपणे नष्ट होईलच असे नाही. युरोपात पेढा, बर्फी किंवा तूप यांस मज्जाव का होतो, याचे कारण हे आहे. २०२२ साली इंडोनेशियात हा रोग पसरला असता, बालीहून ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे उतरलेल्या एका प्रवाशाच्या पिशवीत न जाहीर केलेले मांसाचे खाद्यपदार्थ सापडले. त्या न्याहारीपायी त्याला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर दंड भरावा लागला.

आपल्या दाराशी आलेले पाहुणे

हे नियम केवळ श्रीमंत देशांची चैन आहेत, असे म्हणणाऱ्याने भारताचाच इतिहास आठवावा. १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ नोंदले गेलेले गाजर गवत आयात धान्याबरोबर आले असावे, असा समज आहे. आज ते देशभर रस्त्यांच्या कडेला व पडीक जमिनीत माजले आहे, आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या कातडीस विकार होतो. बटाट्याच्या मुळांवरील सोनेरी सूत्रकृमी १९६१ साली निलगिरीत आढळला. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर येथे प्रथम दिसला आणि लवकरच पपईबरोबर तुतीचे मळेही त्याने ग्रासले; २०१० साली परदेशातून त्याचा नैसर्गिक शत्रू असलेला परोपजीवी कीटक आणून सोडल्यावरच तो आटोक्यात आला. परक्या भूमीत आलेल्या किडीस तिचे जन्मजात शत्रू तेथे भेटत नाहीत, म्हणूनच ती एवढी माजते. भारताने १९१४ सालीच विघातक कीटक व कीड अधिनियम केला, आणि २००३ च्या वनस्पती-संगरोध आदेशाने बी-बियाणे व रोपे आणण्यावर परवान्याचे बंधन घातले. परदेशातून परतताना फुलझाडाचे कलम रुमालात गुंडाळून आणणारा प्रवासी आपल्याच शेजाऱ्याच्या बागेवर संकट आणीत असतो.

आक्षेप आणि त्यांची योग्यता

या नियमांविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात, आणि ते सर्वच पोकळ नाहीत. देशोदेशींचे नियम भिन्न आहेत. एकाच प्रवासात तीन देश पाहणाऱ्यास ते ध्यानी ठेवणे कठीण जाते. खसखशीसारखा स्वयंपाकघरातील निरुपद्रवी जिन्नस सिंगापूर व संयुक्त अरब अमिराती येथे अमली पदार्थांच्या कायद्यात अडकतो, हे अनारसे बांधून देणाऱ्या गृहिणीस कोण सांगणार? रोगप्रतिबंधाच्या नावाखाली आपल्या व्यापाराचे रक्षण करण्याचा मोह राष्ट्रांना होतो, हेही नाकारता येत नाही. म्हणूनच असे निर्बंध शास्त्रीय पुराव्यावर आधारलेले असावेत, अशी अट १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारात आहे. परंतु या आक्षेपांतून निघणारी मागणी नियम मोडण्याची नसून ते समजेल अशा भाषेत सांगण्याची आहे. तिकीट देतानाच त्या त्या देशातील मनाईची यादी मराठी, तमिळ, गुजराती, बंगाली अशा भाषांतून प्रवाशाच्या हाती देणे विमान कंपन्यांना व शासनाला अवघड नाही. इंग्रजी न येणाऱ्या वृद्ध आईवडिलांना इंग्रजी फॉर्मवर सही करावयास लावून नंतर दंड करणे न्याय्य म्हणता येणार नाही.

प्रवाशाचे कर्तव्य त्यामानाने सोपे आहे. कच्चे धान्य, बी, ताजी फळे व भाज्या, मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यापूर्वी त्या देशाचा नियम पाहावा, आणि शंका असल्यास ते घरीच ठेवावेत. भाजून वा तळून तयार केलेले, कोरडे आणि कारखान्यात बंद केलेले पदार्थ बहुतेक ठिकाणी चालतात, कारण उष्णतेने कीड व तिची अंडी मरतात. तरी त्यांचीही नोंद घोषणापत्रात करावी. ऑस्ट्रेलियात पदार्थ जाहीर केल्यावर तो काढून घेतला गेला, तरी दंड होत नाही. लपवल्यास दंड होतो, आणि २०१९ पासून गंभीर प्रसंगी व्हिसाही रद्द होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये विसरून राहिलेल्या एका सफरचंदालाही ४०० डॉलर पडतात.

शाळांतून विद्यार्थ्यांस खपऱ्याची अळी भिंगातून दाखवावी आणि ती उडू शकत नसतानाही सातासमुद्रांपलीकडे कशी पोहोचली, हा प्रश्न त्यांना विचारावा. ज्या मुलाला त्याचे उत्तर सापडेल, ते पुढे मोठेपणी पेटी भरताना आईला तांदळाची पिशवी बाजूला ठेवावयास आपण होऊन सांगेल.