शाल, श्रीफळ आणि श्रोता

पुरस्कार दिला जातो तेव्हा टाळ्या एका व्यक्तीसाठी वाजतात. व्याख्यान होते तेव्हा लाभ साऱ्या सभेला होतो. वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान, कला या मानव्यविद्यांचा गौरव करू पाहणाऱ्या समाजाने या दोहोंतील तोल तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या दृष्टीने नाशिकचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील कुसुमाग्रज प्रतिष्ठानातर्फे एका वर्षी साहित्यिकाला 'जनस्थान' पुरस्कार आणि पुढील वर्षी विविध क्षेत्रांतील कर्तृत्ववानांना 'गोदावरी गौरव' असा क्रम चालत आला आहे. पहिला जनस्थान पुरस्कार १९९१ साली विजय तेंडुलकरांना मिळाला, १९९३ साली तो विंदा करंदीकरांना. गोदावरी गौरवात संगीत, नाट्य, चित्र-शिल्प यांच्या जोडीने विज्ञान आणि लोकसेवा यांनाही स्थान आहे. एका कवीच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने कवितेच्या कुंपणाबाहेर पाहावे, हे तात्यासाहेब शिरवाडकरांच्या व्यापक दृष्टीला साजेसेच होय. परंतु याच शहरात, गोदाकाठी, वसंत व्याख्यानमालाही भरते. गौरव करणाऱ्या नगरीने ऐकण्याचीही सवय राखली आहे, आणि माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीचा पाया आहे.

करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगावच्या व्यासपीठांवरून कविता हजारो कानांपर्यंत पोहोचविली. त्यांपैकी करंदीकर आणि बापट हे महाविद्यालयांत शिकविणारे अध्यापक होते, हे विसरून चालणार नाही. कवीला उदरनिर्वाह देणारा आणि श्रोत्याला कान देणारा तो वर्ग एकच होता: कला शाखेचा. आज त्याच वर्गाची अवस्था काय आहे? अनेक ठिकाणी भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर उभे आहेत. पुढील वर्षी आपण असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने विद्यार्थ्यांत वाङ्मयाची अभिरुची कोणत्या निश्चिंततेने रुजवावी?

यावर नेहमीचा आक्षेप असा की, ज्या विद्येला बाजारात मागणी नाही तिच्यावर सार्वजनिक पैसा का खर्चावा? पालकांची चिंता खरी आहे. पदवीनंतर नोकरी हवीच. परंतु बाजारातील किंमत आणि समाजाला होणारा लाभ या दोन गोष्टी सदैव जुळत नाहीत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठांपैकी एक आहे. शेजाऱ्याने व्याख्यान ऐकले म्हणून माझ्या वाट्याचे कमी होत नाही. आणि विचार करणाऱ्या नागरिकाचा उपयोग व्याख्यानाला न आलेल्यालाही होतो. अशा वस्तूचे पुरेसे उत्पादन बाजार स्वतःहून करीत नाही.

दुसरी अडचण बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिली. कारखान्यात यंत्राने उत्पादन वाढते. चौघांच्या वाद्यवादनाला मात्र चौघेच लागतात आणि वेळही तितकाच. व्याख्यानाचे आणि वर्गाचेही तसेच. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा तासाभराच्या भाषणाला एक तासच लागत असे. आजही तेवढाच लागतो. इतरत्र वेतन वाढले की ही कामे तुलनेने महाग वाटू लागतात आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. रानडे स्वतः अर्थचिंतक होते. तरीही व्याख्यानमालेला त्यांनी चैन मानले नाही, हे लक्षणीय आहे.

पुरस्कार बंद करावेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र पुरस्कार झालेल्या कार्याची पावती देतो. पुढचे कार्य घडते ते वर्गात, ग्रंथालयात आणि व्याख्यानाच्या सतरंजीवर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, हाही एक सत्कारच. त्याची शोभा टिकवायची असेल तर शासनाने कला शाखेतील रिक्त पदे भरावीत, ग्रंथालयांचे अनुदान वेळेवर द्यावे. आणि पुरस्कार देणाऱ्या प्रत्येक संस्थेने मानकऱ्याला शाल पांघरून निरोप न देता त्याचे किमान एक व्याख्यान गावातील विद्यार्थ्यांसाठी ठेवावे. ऐकणारे उरले नाहीत, तर उद्या गौरव तरी कोणाचा करणार आणि कोणासमोर?