प्रतिकारशक्ती नुसती वाढवून चालत नाही

२०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. त्यांचं संशोधन प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या 'रेग्युलेटरी टी पेशीं'वर आहे. तुम्हाला वाटेल, प्रतिकारशक्ती तर वाढवायची असते, मग लगाम कशाला? याचं उत्तर आपल्या आतड्यात सापडतं.

अनेक निरोगी माणसांच्या आतड्यात कॅन्डिडा नावाची बुरशी थोड्या प्रमाणात असते. तिला आवर घालणाऱ्या पेशींपैकी महत्त्वाच्या म्हणजे टीएच-१७ पेशी. त्या आयएल-१७ नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे बुरशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि आतड्याचं अस्तरही मजबूत राहतं. मात्र हेच काम अति झालं, की सूज येते. तिथे रेग्युलेटरी टी पेशींचा लगाम लागतो.

मग सूज आली की आयएल-१७ थेट बंद केलं तर? सोरायसिस आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवातात सेक्युकिनुमॅबचं इंजेक्शन हेच करतं आणि त्याचा चांगला उपयोग होतो. म्हणून ते आतड्याच्या क्रोन्स आजारातही वापरून पाहिलं गेलं. ५९ रुग्णांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाचा फायदा झाला नाहीच, उलट बुरशीच्या संसर्गासह इतर त्रास वाढले. सूज आणणारा म्हणून ज्याला रोखलं, तोच आतड्याचा राखणदारही होता.

तुम्ही किंवा घरातलं कुणी हे इंजेक्शन घेत असाल, तर एवढं लक्षात ठेवा:

• स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल, तर इंजेक्शन सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा.
• तोंडात पांढरे चट्टे, गिळताना दुखणं, योनीमार्गात खाज येणं ही बुरशीची लक्षणं असू शकतात. बहुतेक वेळा ती साध्या औषधांनी बरी होतात.
• जुलाब थांबत नसतील, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना भेटा.
• घाबरून इंजेक्शन परस्पर बंद करू नका.

आणि 'इम्युनिटी बूस्टर'ची जाहिरात पाहाल, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. आतड्याला सूज असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिचा तोल गेलेला असतो.