डोंगा आणि शुद्धीचे सोवळे

परप्रांतात मराठी माणसाची भाषा बिघडते, हा आरोप भिलाईत नोकरीनिमित्त आल्यापासून आम्ही ऐकत आलो आहोत. यंदाच्या गणेशोत्सवात महाराष्ट्रातून आलेल्या एका वक्त्यांनी तर आमच्यातील एका मुलाच्या तोंडचा 'डोंगा' हा शब्द धरला आणि 'होडी' म्हणा, 'नौका' म्हणा, पण हा छत्तीसगढी अपभ्रंश घरात शिरू देऊ नका, असा उपदेश केला. पाहुण्यांचा मान राखून सभेत कोणी बोलले नाही. येथे बोलणे भाग आहे.

डोंगा जसा आमच्या शिवनाथेचा, तसाच वैनगंगेचाही आहे. भंडारा-गोंदियाकडील मराठी माणूस डोंग्यातूनच नदी ओलांडतो. त्याला परका ठरवावयाचे तर आधी पूर्व विदर्भ महाराष्ट्रातून वगळावा लागेल! याच शब्दाचे धाकटे रूप 'डोंगी' इंग्रजांनी उचलले व 'डिंगी' करून जगभर नेले. त्या डिंगीला मात्र कोणी सोवळे विचारीत नाही.

आता वक्तेमहाशयांना अभिमान वाटणाऱ्या मराठी दर्याकडे वळू. 'आरमार' पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आले. 'गुराब' अरबी, मूळ अर्थ कावळा. 'खलाशी' अरबी, 'सारंग' फारसी. 'गलबत'ही पोर्तुगीजांकडूनच आले असावे, असा कोशकारांचा कयास. ज्या राज्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्याच राज्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण लिहिताना गुराब आणि गलबत हेच शब्द ठेवले. ज्यांना समुद्रावर राज्य राखावयाचे होते, त्यांना शब्दांची कुळे तपासण्यास सवड नव्हती. आणि कान्होजी आंग्र्यांचा धसका घेतलेल्या इंग्रजांनी तेच शब्द 'ग्रॅब' व 'गॅलिव्हॅट' करून आपल्या दप्तरात लिहिले.

'नाखवा' तर अधिकच बोलका. फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी, यावरून तो आला. आणि त्यातील 'नाव' संस्कृत 'नौ'ची सख्खी भावकी. मग यातील अर्धा शब्द सोवळ्यात घ्यावयाचा काय? २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या विक्रांतच्या बांधणीत भिलाईचेही पोलाद आहे. 'पोलाद'ही फारसीच.

सरसकट उसनवारीचे समर्थन आम्ही करीत नाही. 'मला मदत कर' याऐवजी मूल 'माझी मदत कर' म्हणते, तेव्हा आम्हीही त्याला हटकतो. तेथे हिंदी व्याकरण मराठीच्या कण्याला हात घालते. परंतु नदीवरच्या वस्तूला नदीवरचे नाव दिल्याने कणा मोडत नाही.

उपदेशक दुसऱ्या दिवशी गाडीने परत जातात. मूल येथेच राहते. दर वाक्याला हसू होणारे मूल शुद्ध मराठी शिकत नाही. ते मुकाट्याने हिंदीत बोलू लागते, आणि घरही हळूहळू त्याच्यामागे जाते. अशी घरे आमच्या वसाहतीत आम्हांला बोटावर मोजून दाखविता येतील.