विश्लेषण : शाळेतली गाडी रेषा सोडते तेव्हा…

उसाला पाणी आणि खत कधी द्यावे, हे उपग्रह, जमिनीतील संवेदक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे सांगण्याचा प्रयोग बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने केला आणि त्याची चर्चा जगभर झाली. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनली, तसे इस्रोच्या अग्निबाणांचे भागही बनले. या दोन तालुक्यांतील नववीच्या मुलाला तंत्रज्ञान नवे नाही. पण ते त्याला बहुधा लांबूनच पाहायला मिळते. हाताने करून पाहायचे, तर स्वतः वळणारी छोटी गाडी हे सर्वांत स्वस्त साधन आहे.

गाडी चालते कशी?

दोन मोटारी, आर्डुइनोसारखा बोर्ड, मोटार चालवणारे सर्किट, बॅटरी आणि खाली बघणारे दोन इन्फ्रारेड संवेदक. दीड-दोन हजार रुपयांत सारे जमते. पांढरा पृष्ठभाग किरण परत पाठवतो, काळी पट्टी ते शोषते. डाव्या संवेदकाखाली काळे आले की डावीकडे वळ, उजव्याखाली आले की उजवीकडे. प्रोग्रॅम एवढाच. ट्रॅकसाठी फ्लेक्सची पांढरी मागची बाजू आणि काळी चिकटपट्टी पुरते. वाढदिवसाच्या फ्लेक्सची टंचाई कुठल्याच तालुक्यात नाही.

पुढे अडथळा ओळखणारा अल्ट्रासॉनिक संवेदक बसवला, की पुस्तकातला प्रतिध्वनी कामाला येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. वीस सेंटिमीटरवरच्या भिंतीवरून आवाज परतायला साधारण १.२ मिलिसेकंद लागतात. उत्तराला दोनने का भागायचे, हे विसरणाऱ्या मुलाची गाडी भिंतीच्या दुप्पट अंतर दाखवते. शिक्षकाला लाल शाई वापरावी लागत नाही.

खरा तास बिघाडाचा

वर्गात नीट धावलेली गाडी व्हरांड्यातल्या उन्हात भरकटते, कारण उन्हातही इन्फ्रारेड किरण असतात. बॅटरी उतरली की कालचे वळण आज चुकते. एकाच मापाच्या दोन मोटारी सारख्या वेगाने फिरत नाहीत. चूक प्रोग्रॅममध्ये आहे, तारेत आहे की चाकात, हे एकेक शक्यता बाद करत शोधावे लागते. स्पर्धेसाठी तयार संच जोडून, कुणीतरी दिलेला प्रोग्रॅम टाकून पदक आणता येते. पण हा शोध त्यात होत नाही. स्नेहसंमेलनात हात हलवणाऱ्या महागड्या रोबोपेक्षा भरकटणारी गाडी शाळेच्या अधिक उपयोगाची आहे.

पुणे जिल्ह्याला हे सांगण्याची गरज पडू नये. शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच. अमेरिकेतील एमआयटीबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथे उभी राहिली.

अडते कुठे?

अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली, मात्र ‘सरकारी शाळां’साठी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात नववी-दहावीचे बरेचसे वर्ग खासगी अनुदानित संस्थांच्या शाळांत भरतात. या शाळा नव्या यादीत नसतील, तर गाडी बनवण्याच्या नेमक्या वयाची मुले बाहेर राहतील. राज्य सरकारने हा मुद्दा केंद्राकडे मांडायला हवा.

पैसा आला तरी वेळापत्रकाचे काय? दहावीत मुलांना कुणी हात लावू देणार नाही, म्हणून आठवी-नववीत आठवड्याला सलग दोन तासिका ठेवाव्या लागतील. विज्ञान शिक्षकाला त्यासाठी इतर कामांतून मोकळे करावे लागेल. सुटे भाग मोडणार, हे गृहीत धरून दरवर्षी थोडी रक्कम लागेल. नाहीतर साहित्य नोंदवहीत शाबूत राहावे म्हणून ते कपाटात जाते आणि पाहुणे आले की बाहेर निघते.