पडद्यावरचा लंबक कधीच चुकत नाही

२०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान आणि गणित या विषयांच्या ७५० आभासी प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. त्याच्या दोन वर्षे आधी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या कल्पनेला एक मोठे आश्वासन जोडून ठेवले होते. दीक्षा, स्वयम् यांसारख्या मंचांवर आभासी प्रयोगशाळा निर्माण झाल्या, की देशातील प्रत्येक विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकाची, हाताने प्रयोग करून शिकण्याची समान संधी मिळेल, असा त्या आश्वासनाचा आशय आहे. जो प्रयोग हाताने करायचाच नाही, त्यातून हाताने करण्याची संधी कशी मिळते, हा साधा प्रश्न मात्र तेव्हा विचारला गेला नाही आणि आजही क्वचितच विचारला जातो. धोरणाच्या भाषेतील ही विसंगती शाब्दिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. विज्ञानशिक्षण म्हणजे काय, याविषयीचा एक खोल गैरसमज तिच्यामागे आहे.

साध्या लंबकाचे उदाहरण घ्यावे. दोरा, धातूचा गोलक आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर गुरुत्व त्वरण मोजता येते. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका दोलनासाठी सुमारे २ सेकंद लागतात. घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंदाची चूक झाली आणि एकच दोलन मोजले असेल, तर दोलनकालात १० टक्के आणि गुरुत्व त्वरणात जवळपास २० टक्के चूक होते. तीच विद्यार्थिनी सलग २० दोलने मोजते, तेव्हा तीच ०.२ सेकंदाची चूक ४० सेकंदांवर विभागली जाते आणि उत्तरातील चूक १ टक्क्यावर येते. हात तेच, घड्याळ तेच. बदलली ती फक्त पद्धत. पुढे दोऱ्याची लांबी गोलकाच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली, तर २ सेंटिमीटर व्यासाच्या गोलकामुळे लांबी १ सेंटिमीटरने कमी भरते आणि उत्तर पुन्हा १ टक्क्याने घसरते. या वेळी दोलने कितीही वाढवली तरी चूक हटत नाही. चुकांचे दोन प्रकार असतात, एक पुनरावृत्तीने विरतो आणि दुसरा विरत नाही, हे ज्ञान त्या विद्यार्थिनीला निसर्गाशी झालेल्या झटापटीतून मिळते. विज्ञानाची पद्धत म्हणतात ती हीच.

आता हाच लंबक पडद्यावर पाहावा. संगणकाला दोलनकाल ठाऊक असतो, कारण ९.८ हा आकडा आणि सूत्र दोन्ही त्याच्या पोटात आधीच घातलेले असतात. विद्यार्थी माउसने गोलक ओढतो, पडद्यावरचे घड्याळ वाचतो, सूत्रात संख्या भरतो आणि ९.८ ‘शोधून’ काढतो. आपणच लपवलेली वस्तू आपणच हुडकण्याचा हा खेळ आहे. काही कार्यक्रमांत वाचनांमध्ये मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असते. परंतु तीही कार्यक्रम लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेली चूक असते. वर्गातला पंखा, सैल गाठ, कललेला स्टँड, घाईने दाबलेले बटण यांची यादी कोणीच आधी करू शकत नाही. निसर्गाला ‘नाही’ म्हणता येते. पडद्याला जेवढे शिकवले असेल तेवढेच म्हणता येते.

आभासी प्रयोगशाळांच्या समर्थकांकडे प्रतिवाद आहे आणि तो दुबळा नाही. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची अनुरूपणे जगभर वापरली जातात. विद्युत मंडलांविषयीच्या त्यांच्या अनुरूपणावर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पडद्यावर शिकलेले विद्यार्थी खऱ्या तारा-दिव्यांवर शिकलेल्यांपेक्षा संकल्पनांत सरस ठरले आणि पुढे खरे मंडल जोडण्यातही मागे पडले नाहीत. हा निष्कर्ष झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र तो कशाविषयी आहे, हे नीट पाहिले पाहिजे. तारेतून जाणारे इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसत नाहीत. अनुरूपणाने ते दाखवले आणि संकल्पना स्पष्ट झाली. ते विद्यापीठातील विद्यार्थी होते आणि त्यांच्या प्रयोगवर्गात मार्गदर्शक हजर होते. मुख्य म्हणजे, पडद्यावरचे शिक्षण उपयोगी पडले की नाही, याची एक कसोटी म्हणून त्यांच्या हाती खऱ्या तारा आणि खरे दिवेच दिले गेले. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये आलेल्या एका व्यापक आढाव्यानेही प्रत्यक्ष व आभासी प्रयोगांची बलस्थाने वेगवेगळी असल्याचे आणि दोहोंच्या मेळातून अधिक लाभ होत असल्याचे सांगितले. या संशोधनातून जोडीचे समर्थन निघते. हद्दपारीचे समर्थन त्यातून काढणे हा संशोधनाचा विपर्यास होय.

दुसरा प्रतिवाद अधिक बोचरा आहे, कारण तो घरातलाच आहे. देशातील खऱ्या प्रयोगशाळांत तरी प्रयोग होतात कोठे? बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुण लेखी परीक्षेला आणि ३० गुण प्रात्यक्षिकाला असतात, आणि हे ३० गुण कसे मिळतात हे विद्यार्थी, शिक्षक आणि पालक सर्वांना ठाऊक आहे. जर्नल मागील वर्षीच्या जर्नलवरून उतरते. पुस्तकातील उत्तरापासून उलट हिशोब करून वाचने तयार होतात. ९.८ ऐवजी ९.३ उत्तर आलेल्या मुलाला ‘का आले?’ असे कोणी विचारत नाही. त्याला खोडरबर दिले जाते. भारतातील प्रयोगशाळा संगणक येण्यापूर्वीच आभासी झाल्या होत्या, हे कटू सत्य मान्य करावेच लागेल. परंतु विहिरीचे पाणी गढूळ झाले म्हणून विहिरीचे चित्र भिंतीवर टांगल्याने कोणाची तहान भागत नाही. रोग खोट्या वाचनांचा आहे. ज्या यंत्रात खोटे वाचन येणेच शक्य नाही, कारण खरे वाचनच नाही, ते यंत्र या रोगावरचे औषध ठरू शकत नाही.

उरतो पैशाचा मुद्दा. गरीब देशाला प्रत्येक शाळेत प्रयोगशाळा कशी परवडणार, असे म्हटले जाते. याचे उत्तर याच देशात दिले गेले आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याच्या १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले. सहावी ते आठवीची खेड्यातील मुले सरकारी शाळेत, स्वस्त साहित्याच्या संचातून, गटागटाने प्रयोग करत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकालाही गुण असत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृत्या घडवणारे अरविंद गुप्ता याच प्रयोगातून पुढे आले. नंतर पुण्याच्या आयुकातील विज्ञान केंद्रातून त्यांची खेळणी देशभर पोहोचली. होशंगाबादचा हा कार्यक्रम सुमारे १,००० शाळांपर्यंत गेला आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेली गोष्ट अशक्य होती, असे म्हणता येत नाही.

शिवाय पडदा तरी सर्वांना कोठे परवडला आहे? यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. प्रयोगशाळेसाठी निधी नसलेल्या शाळेला आभासी प्रयोगशाळा देऊ करायची, तर आधी तिथे संगणक, जोडणी आणि अखंड वीज पोहोचवावी लागेल. तोवर समान संधीचा अर्थ एवढाच उरतो, की संपन्न शाळेतील मुलाला प्रयोगशाळाही मिळेल आणि पडदाही. वाडीवरच्या मुलीला पडद्याचे आश्वासन मिळेल.

या टीकेचा रोख तंत्रज्ञानावर नाही. अणूचे विघटन, ग्रहांच्या कक्षा, विषारी वायू, लाखो वर्षांची उत्क्रांती हे वर्गात करून पाहता येत नाही. तेथे अनुरूपण अमूल्य आहे. इस्रोने १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २,४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी नेली, तेव्हा शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम केलेच, पण प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणासाठीही ते माध्यम वापरले. शिक्षक सबळ व्हावा म्हणून तंत्रज्ञान, ही दृष्टी त्यात होती. आज ओघ उलटा आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात शिक्षणासाठीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्राला ५०० कोटी रुपये घोषित झाले. त्याच अर्थसंकल्पात पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची घोषणाही आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र प्रयोगशाळा उद्घाटनाने चालत नाही. दरवर्षी संपणारी रसायने, फुटणाऱ्या परीक्षानळ्या, प्रयोगशाळा परिचराचे पद आणि शिक्षकाच्या वेळापत्रकात राखलेले दोन तास यांवर ती चालते. या गोष्टींची फीत कापता येत नाही, म्हणून त्या मागे पडतात.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. जो प्रयोग शाळेत सुरक्षितपणे आणि स्वस्तात करता येतो, त्याच्या जागी आभासी प्रयोग ग्राह्य धरू नये. प्रात्यक्षिकाचे गुण ‘बरोबर’ उत्तराला न देता प्रामाणिक वाचनांना आणि चुकीच्या चिकित्सेला द्यावेत. आभासी प्रयोगशाळेवर खर्चलेल्या प्रत्येक रुपयासोबत प्रत्यक्ष साहित्यावर आणि शिक्षक प्रशिक्षणावर किती रुपये गेले, हे शासनाने दरवर्षी जाहीर करावे. ज्या मुलीने ९.३ उत्तर आल्यावर दोरा पुन्हा मोजला आणि चूक शोधली, ती विज्ञान शिकली. त्यासाठी तिला दोरा मिळाला पाहिजे.