वेग वाढवण्याआधी रांग पाहा

ऊसतोडीचा हंगाम आला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. अशा ट्रॉल्यांची रांग अरुंद पुलावर असताना मागून रुग्णवाहिका आली, तर ती कितीही वेगवान असो, तिला पुढे काढता येत नाही. संगणकाच्या जोडणीवरून फोनचा आवाज पाठवतात, तेव्हा त्याचीही हीच गत होते.

ओळखीच्या एका कार्यालयाचे (नाव कशाला सांगू!) जिल्ह्याच्या गावाशी बोलणे अशाच जोडणीवरून होई. दुपारी चारनंतर फाइली पाठवण्याची घाई सुरू झाली की शब्द तुटू लागत. उपाय म्हणून 1 मेगाबिटची जोडणी 2 ची केली. बिल वाढले, शब्द तुटतच राहिले. 2 मेगाबिट म्हणजे काही थोडके नव्हे. केंद्र सरकारने 2005 साली राज्य, जिल्हा व तालुका जोडणाऱ्या जाळ्यांची योजना मंजूर केली, तीतही माहिती, आवाज आणि चित्रे मिळून किमान क्षमता एवढीच धरली होती.

आता हिशेब करू. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात, प्रत्येक नमुना 8 बिटांचा. 20 मिलिसेकंदांचे नमुने, म्हणजे 160 बाइट, एका पॅकेटात भरतात. पत्ता वगैरेचे 40 बाइट धरून झाले 200. हे पॅकेट 2 मेगाबिटच्या जोडणीवर चढायला 0.8 मिलिसेकंद लागतो. फाइलीचे पॅकेट असते 1500 बाइटांचे. त्याला 6 मिलिसेकंद. हे काही फार नाही. पण अशी 50 पॅकेटे पुढे उभी असली तर? 300 मिलिसेकंद! एका दिशेचा विलंब 150 च्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

मग क्षमता दुप्पट करून का भागले नाही? कारण फाइल पाठवणारी यंत्रणा पॅकेटे हरवू लागेपर्यंत आपला वेग वाढवतच नेते. रस्ता रुंद करा, ती तोही भरून टाकते.

पुलापाशी शहाणा पोलीस काय करील? ट्रॉल्या अलीकडे मोकळ्या जागेत थांबवील आणि पुलाला पेलतील त्याहून किंचित कमीच सोडील. रांग पुलावर न लागता त्याच्या नजरेसमोर लागेल, आणि रुग्णवाहिकेला पुढे काढता येईल. राउटरलाही हेच सांगायचे: 2 ऐवजी 1.9 मेगाबिटच सोड. मग रांग जोडणी पुरवणाऱ्याच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे आवाजाला पहिला मान देता येतो. जिल्ह्याच्या टोकालाही हेच करावे लागते, कारण प्रत्येक टोक आपण पाठवतो तेवढेच आवरू शकते. पैसे मोजून घेतलेले 100 किलोबिट हातचे सोडायचे, हे लोकांना पटवणे हाच खरा कठीण भाग!

शिक्षकमित्रांकडे माझी थोडी तक्रार आहे. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांनी आगगाडीच्या वेगाची उदाहरणे डझनाने सोडवलेली असतात. रांगेत किती वेळ जाईल, हे त्यांना क्वचितच कुणी विचारलेले असते. हे गणित नवे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग यांनी 1917 मध्येच, तारा किती असल्या म्हणजे किती जणांना लाइन मिळणार नाही, याचे सूत्र दिले होते.

ते सूत्र आजही उपयोगी पडते, कारण पहिला मानसुद्धा मोजूनच द्यावा लागतो. एका संभाषणाला सेकंदाला 50 पॅकेटे, म्हणजे 80 किलोबिट लागतात. त्या कार्यालयात आम्ही आवाजासाठी 400 राखले, म्हणजे पाच संभाषणे. सहावे आत घेतले तर सहाही जणांचे शब्द तुटतील. म्हणून सहाव्याला व्यस्त स्वर ऐकवायचा. पुढे एकदा तो साहेबांनाच ऐकू आला आणि मर्यादा काढून टाका असा निरोप आला. मी सहा गुणिले ऐंशी हा गुणाकार कागदावर मांडून पाठवून दिला.